घरातले कागद वाचण्यासाठी मोडी शिकताना : जून २०२४ ते मार्च २०२५

९ जून २०२४

वाई तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर खारव्याच्या कापडात बांधलेले एक दप्तर होते. ते आज खाली उतरवले आणि कागद मोजले. एकूण २३ निघाले. त्यांपैकी तीन देवनागरीत आहेत, एक इंग्रजीत आहे आणि उरलेले १९ मोडीत आहेत. आजोबांना मोडी येत होती; आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हाती ती आली नाही आणि माझ्या पिढीने तर ती पाहिलीही नाही. तालुक्याच्या गावी मोडी वाचून देणारे एक गृहस्थ आहेत, परंतु २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे इतके काम साचले आहे की त्यांनी चार महिने थांबायला सांगितले. आप्पांचे वय ८१ आहे. थांबण्यापेक्षा आपणच शिकावे असे ठरवले.

मी साताऱ्यात हिशेब लिहिण्याचे काम करते, त्यामुळे रोज संध्याकाळी एक तास आणि रविवारी तीन तास एवढाच वेळ हाताशी आहे. घरात असेच दप्तर असलेल्या आणि ते उघडू पाहणाऱ्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून चुकांसह सर्व लिहून ठेवत आहे.

पहिली चूक आजच झाली. सात क्रमांकाचा कागद घडीवर फाटत होता, म्हणून मागून सेलोटेप लावली. रात्री वाचले तेव्हा समजले की तिचा डिंक कागदात मुरतो, पिवळा पडतो आणि काढायला गेले तर शाईसकट निघतो. तो जोड आता तसाच ठेवावा लागणार. फाटका कागद दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवावा आणि काहीही चिकटवू नये.

१६ जून

सर्व कागदांची छायाचित्रे घेतली. दिव्याखाली सरळ वरून घेतलेली सगळी वाया गेली, कारण फिकट शाई उजेडात दिसेनाशी होते. खिडकीशी कागद ठेवून एका बाजूने तिरपा उजेड पडू दिला तेव्हा बोरूने कागदावर पाडलेल्या खुणासुद्धा उठून दिसल्या. प्रत्येक कागदाची चार छायाचित्रे घेतली : पुढची बाजू, मागची बाजू आणि दोन जवळून. मागची बाजू घ्यावी हे सुरुवातीला सुचले नव्हते. पाच कागद होऊन गेल्यावर सात क्रमांकाच्या पाठीवरही लिखाण आहे हे लक्षात आले आणि पुन्हा आरंभापासून सुरुवात केली. वेळ : सहा तास, त्यांतले अडीच वाया.

७ जुलै

तीन आठवडे भ्रमणध्वनीवरच्या अक्षरपत्त्यांवर घालवले. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली आणि नोटो सान्स मोडीसारखे टंकही आहेत, त्यामुळे पत्ते तयार करणे सोपे गेले. एका बाजूला मोडी अक्षर, दुसऱ्या बाजूला देवनागरी. शंभरापैकी शहाण्णव बरोबर यायला लागले. आज मोठ्या उत्साहाने सात क्रमांकाचा कागद समोर घेतला आणि पहिल्या ओळीत ‘श्री’ सोडून एकही शब्द लागला नाही.

याचे कारण संध्याकाळभर कागद पाहिल्यावर समजले. टंकातले अक्षर एकटे उभे असते. हाताने लिहिणारा मात्र आधी आडवी रेघ ओढून घेतो, मग तिला अक्षरे लटकवत जातो आणि शक्यतो बोरू उचलत नाही. काना खालून वळून वर रेघेला जाऊन मिळतो, तिथूनच पुढचे अक्षर सुरू होते आणि शब्द कुठे संपला ते कळण्यासाठी मधे जागाही सोडलेली नसते. ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मी सुटी अक्षरे ओळखायला शिकले होते आणि कागदावर सुटे अक्षर एकही नव्हते. तीन आठवडे पूर्ण वाया गेले असे म्हणणार नाही, परंतु चार दिवसांत हे काम आटोपून पुढे जायला हवे होते.

२१ जुलै

शेजारच्या गावातील निवृत्त शिक्षकांकडे जाऊन आले. गुरुजींचे वय ८७ असून त्यांनी लहानपणी शाळेत मोडीचा कित्ता गिरवलेला आहे. त्यांनी माझे पत्ते पाहिले, बाजूला ठेवले आणि म्हणाले, “ताई, वाचायचं असेल तर आधी लिहा. हाताला कळलं की डोळ्याला कळतं.” ओढ्याकाठचा बोरू त्यांनी स्वतः तासून दिला. टोक तिरपे कसे छाटायचे आणि मधे चीर किती द्यायची, तेही दाखवले.

रोज एक पान बाराखडी लिहायची, तीही बोरू न उचलता, असा नेम घेतला. पहिल्या आठवड्यात चीर जास्त खोल गेल्याने दोन बोरू फुटले. शाईची बाटली ६० रुपये, रेघांची वही ४५ रुपये, चांगले भिंग ३५० रुपये.

१८ ऑगस्ट

लिहिण्याचा परिणाम दिसू लागला आहे. ‘का’, ‘की’, ‘कु’ ही मोडीत एकाच अक्षराला जोडलेली चिन्हे वाटत नाहीत, जणू तीन वेगळे आकारच वाटतात. ते डोळ्याने पाठ होईनात, परंतु चाळीस वेळा लिहिल्यावर हाताची वळणे आठवू लागली. आज पाच क्रमांकाच्या कागदातली ‘मौजे’, ‘तालुके’, ‘जिल्हे सातारा’ ही नावे न अडखळता लागली. साधारण सत्तर तास झाले आहेत.

१ सप्टेंबर

तीन क्रमांकाचा कागद लहान आहे, म्हणून तो घेतला. त्याची भाषा वेगळीच निघाली. वर्षाच्या जागी ‘सु॥ सबा समानीन मया व अलफ’ असे लिहिले आहे आणि तिथीच्या आधी ‘छ’. ‘छ’ला मी सहाचा आकडा समजले आणि दिवसभर अडकले. ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, आणि मागचे शब्द हे अरबी आकडे आहेत, एककापासून उलटे लिहिलेले : सबा सात, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. हे झाले सुहूर सन ११८७. हा सन मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवायचे. म्हणजे कागद १७८६-८७ चा, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतला. हे वीस-बावीस शब्द एका चिठ्ठीवर लिहून टेबलासमोर चिकटवले आहेत. ‘समान’ म्हणजे आठ आणि ‘समानीन’ म्हणजे ऐंशी, हा फरक लाल शाईने.

तो कागद अर्धा राहिलेला आहे आणि त्यात कोणा पाटलाला काही पोहोचते करण्याविषयी लिहिले आहे, एवढेच कळते. तो बाजूला ठेवला.

२२ सप्टेंबर

सात क्रमांकाचा कागद लागला. निदान आज तरी तसे वाटते आहे.

हा कागद आमच्या घरात महत्त्वाचा मानला जातो. विहिरीचा मळा पणजोबांनी विकत घेतला आणि त्याचे खत दप्तरात आहे, असे आप्पा लहानपणापासून सांगत आले आहेत. मी वाचले ते असे : शके १८०२, विक्रमनाम संवत्सर, माघ शुद्ध, तिथी कसरीने खाल्लेली, लिहून घेणार म्हणून पणजोबांचे नाव, खरेदीखत, रुपये १५. शके १८०२ ला विक्रम संवत्सरच येते, हे पंचांगाच्या तक्त्यावरून पडताळून पाहिले. आकडा आणि नाव दोन्ही जुळल्यावर शंकेला जागा उरली नाही. एकूण १४ ओळींपैकी ११ लागल्या. मधले काही शब्द लागत नाहीत म्हणून रिकामे सोडले.

संध्याकाळी आप्पांना वाचून दाखवले. ते बराच वेळ कागदावर हात ठेवून बसले होते. काकांना आणि पुण्याच्या आतेभावालाही फोन करून सांगितले.

१३ ऑक्टोबर

सात क्रमांकाच्या पाठीवरचे लिखाण घेतले. हात दुसऱ्याचा आहे आणि घाईचा आहे. बरोबर एक वर्षाच्या अंतराने चार-पाच ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत ‘व्याज’ हा शब्द स्वच्छ आहे. त्यापुढे आकडा १११.

पंधरा रुपयांच्या खरेदीवर एकशे अकरा रुपये व्याज. माझ्या मनात ताबडतोब एक गोष्ट तयार झाली : पणजोबांनी मळा घेण्यासाठी सावकाराचे कर्ज काढले असणार आणि त्या सावकाराने त्यांना पिळून काढले असणार. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला तो याच भागातल्या शेतकऱ्यांच्या हलाखीतून, हे ठाऊक असल्यामुळे ही गोष्ट मला पूर्ण खरी वाटली. वहीत तसे लिहून ठेवले आणि आतेभावालाही कळवले. रात्री झोप लागली नाही, इतका राग आला होता.

मी रोज लोकांचे हिशेब लिहिते. मुद्दल १५ आणि वर्षाचे व्याज १११ असे एखाद्या ग्राहकाच्या वहीत दिसले असते, तर मी पहिल्यांदा आकडा पुन्हा तपासला असता. इथे मी आकड्याला साजेल अशी गोष्ट रचली.

२० ऑक्टोबर

गुरुजींकडे गेले. त्यांनी भिंग न घेता पाठीवरच्या ओळीवर बोट ठेवले. “ताई, हे दोन एकच आहेत. तिसरा एक नव्हे, तो पाव आहे. अकरा रुपये चार आणे.”

जुन्या हिशेबात आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपाच. मी ही चिन्हे तक्त्यात पाहिली होती आणि वहीत उतरवलीही होती, परंतु कागद वाचताना ती आठवली नाहीत, कारण माझ्या डोळ्याला उभी रेघ दिसली की एकतर एक दिसतो, नाहीतर वाक्याचा शेवट. मोडीत विरामचिन्हे नसतात, हेही मला ठाऊक होते.

गुरुजींनी पुढे एवढेच विचारले, “अकरा रुपये चार आणे वर्षाचं व्याज, मग मुद्दल किती असेल?” आणि चहा मागवला. उत्तर त्यांनी दिले नाही.

२१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर

सर्व वाचन पुन्हा पहिल्यापासून. आधी पद्धत बदलली.

नवी वही केली आणि तिला शंकावही असे नाव दिले. प्रत्येक शब्दाला तीन रकाने : डोळ्याला काय दिसते (फक्त आकार, तोही पारदर्शक कागदावर गिरवून), काय असावे असे वाटते, आणि कशावरून. तिसरा रकाना रिकामा असेल तर तो शब्द अंदाज म्हणून मोजायचा, मग तो कितीही स्वच्छ वाटो. ‘संदर्भावरून’ असे तिसऱ्या रकान्यात लिहायचे नाही असा नियम केला, कारण सप्टेंबरच्या वाचनात जिथे जिथे माझे चुकले तिथे मनात हेच उत्तर होते.

दुसरे काम अक्षरपटाचे. या एका लेखकाच्या हातची अक्षरे त्याच कागदातून वेचून एका मोठ्या कागदावर चिकटवली, परंतु फक्त निःसंशय शब्दांतून : ‘श्री’, गावाचे नाव, ‘जिल्हे सातारा’, ‘फेब्रुवारी’. अशा आठ-दहा शब्दांतून जवळजवळ निम्मी अक्षरे मिळाली. तक्त्यातला ‘व’ कसा असतो याला महत्त्व नाही, या माणसाचा ‘व’ कसा आहे याला आहे. याच्या हातात ‘व’ आणि ‘ब’ सारखेच दिसतात. त्याच्या ‘द’ची शेपटी डावीकडे लांब जाते, ‘घ’ची जात नाही. ही शेवटची बाब पुढे निर्णायक ठरली. ज्याला एखादा कागद खरोखर वाचायचा आहे त्याने दुसरे काही केले नाही तरी हा पट करावा. मला अकरा तास लागले आणि आधीच्या शंभर तासांनी जे दिले नाही ते यांनी दिले.

१० नोव्हेंबर

रक्कम. पुढच्या बाजूला अंक आहे तिथे घडी आली आहे, पहिला आकडा अर्धाच दिसतो, त्याला मी १ धरले होते. त्याच्या पुढे ‘याचे निमे’ आणि मग ३७ व दोन रेघा. सप्टेंबरमध्ये हे शब्द मी रिकामे सोडले होते आणि रेघांना वाक्याचा शेवट समजले होते. रकमेत कोणी मागून खाडाखोड करू नये म्हणून तिचा अर्धा आकडाही लिहिलेला आहे. निमे ३७॥, म्हणजे साडेसदतीस. म्हणजे पूर्ण रक्कम ७५.

खाली दर आहे : दरमहा दरशेकडा १।, म्हणजे सव्वा रुपया. पंचाहत्तर रुपयांवर सव्वा रुपया शेकड्याने महिन्याचे व्याज पंधरा आणे होते, आणि बारा महिन्यांचे अकरा रुपये चार आणे. पाठीवर ११। आहे.

हा गुणाकार कागदाच्या कडेला पेन्सिलीने करून पाहिला तेव्हा घरात कोणी नव्हते आणि मी उठून सबंध घरभर फिरून आले. पुढची बाजू, दर आणि पाठ, तिन्ही ठिकाणचे आकडे एकमेकांशी बोलू लागले होते. असे तीन ठिकाणांहून बसलेले वाचन मोडत नाही.

१७ नोव्हेंबर

मात्र मुद्दल आणि व्याज असेल तर ही खरेदी कशी? घडीवर जिथे शाई उडाली आहे तिथे फक्त ‘खत’ दिसते. त्याच्या आधीचा शब्द मी वाचलाच नव्हता. आप्पांचे सांगणे डोक्यात होते, ते तिथे जाऊन बसले. खालच्या ओळींत एक शब्द दोनदा येतो. सप्टेंबरच्या वहीत दोन्ही वेळा ‘लागत नाही’ अशी नोंद आहे. आज अक्षरपट शेजारी ठेवून तो अर्ध्या तासात लागला : गहाण. नंतरच्या ओळीत ‘मुदत वर्षे ५’.

जे शब्द मला लागत नव्हते ते नेमके माझ्या वाचनाविरुद्ध साक्ष देणारे होते, हे लक्षात आल्यावर सप्टेंबरमधले सगळे रिकामे शब्द पुन्हा पाहिले. सहा होते. सहापैकी चार असेच निघाले. ते फार कठीण नव्हते. ज्या शब्दांनी मला हवी असलेली गोष्ट पुढे जात होती त्यांच्यावर मी वीस-वीस मिनिटे बसले होते आणि यांच्यावर दोन मिनिटेही नाही. आता शंकावहीत रिकाम्या शब्दापुढे किती वेळ दिला तेही लिहिते.

२४ नोव्हेंबर

लिहून देणार आणि लिहून घेणार. मोडीत एवढ्याशा फरकावर सगळा व्यवहार उलटतो. पणजोबांच्या नावाआधी मी ‘घेणार’ वाचले होते. अक्षरपटावर ‘द’ची शेपटी लांब, ‘घ’ची नाही; कागदावर शेपटी लांब आहे. दुसरा पुरावा म्हणून ‘दिले’, ‘दरमहा’ आणि ‘दरशेकडा’ या शब्दांतले ‘द’ शेजारी गिरवून पाहिले. तेही तसेच.

लिहून देणार आमचे पणजोबा, उमर वर्षे २४. मळा त्यांनी घेतला नव्हता, तो त्यांचाच होता आणि त्यांनी तो गहाण टाकला होता.

हे आप्पांना लगेच सांगितले नाही. वर्ष अजून पक्के झालेले नव्हते आणि सप्टेंबरमध्ये घाईने सांगून मी एकदा चूक केलेली होती.

८ डिसेंबर

वर्ष. आकडा १८०२ की १८१२, हे तिसऱ्या अंकावर कसरीचे भोक असल्यामुळे कळत नाही. सप्टेंबरमध्ये संवत्सराच्या नावाने मी तो ठरवला होता : ‘विक्र’ एवढे दिसले आणि ‘विक्रम’ वाचले. आज तक्ता पुढे नेऊन पाहिला. शके १८१२ चे संवत्सर विकृती. दोन्ही नावांचा आरंभ सारखा, दोन्ही वर्षांत दहाचे अंतर. आकड्यावरून नाव आणि नावावरून आकडा असे मी एकमेकांच्या आधाराने दोन्ही चुकवून घेतले होते आणि त्याला पडताळणी समजले होते. ‘क्र’ आणि ‘कृ’ यांत या हाताने काय फरक केला असता हे ठरवायला दुसरे उदाहरण कागदात नाही. शेवटचे अक्षर पुसट आहे. ते ‘म’पेक्षा ‘ती’ वाटते, परंतु ‘वाटते’ एवढेच.

त्यामुळे या दोघांशी संबंध नसलेला पुरावा शोधला. उजव्या कडेला इंग्रजी तारीख आहे, सन फाटून गेला आहे, परंतु ‘वार गुरुवार तारीख १२ माहे फेब्रुवारी’ एवढे शिल्लक आहे. शके १८०२ चा माघ १८८१ च्या आरंभी येतो आणि शके १८१२ चा १८९१ च्या. १२ फेब्रुवारी १८८१ ला शनिवार होता. १२ फेब्रुवारी १८९१ ला गुरुवार होता.

कागद १८९१ चा आहे.

१५ डिसेंबर

साल पक्के झाल्यावर कागदाचे रूपही कळू लागले. १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या कर्जासाठी वेगळी व्यवस्था आली होती. त्यात शेतकऱ्याने करून द्यायचे दस्त गावपातळीवर नेमलेल्या नोंदणाराच्या देखत लिहायचे होते आणि भरलेल्या पैशाची पावती मागण्याचा हक्कही त्याला होता. पुढच्या बाजूचा स्वच्छ हात आणि पाठीवर दरसालची नोंद यांचा मेळ त्यामुळे बसतो. ऑक्टोबरमध्ये मी ज्या माणसावर मनातल्या मनात जुलमाचा आरोप केला होता त्याने ठरल्या दराने, एक पैसाही जास्त न घेता, दर वर्षी पावती लिहून दिलेली आहे. आतेभावाला फोन करून माझे वाचन चुकल्याचे सांगितले.

२९ डिसेंबर

वर्षअखेरीस शंकावहीची मोजदाद केली. सात क्रमांकाच्या कागदात सप्टेंबरमध्ये मी १४२ शब्द ‘पक्के’ धरले होते. त्यांतले १९ चुकीचे निघाले. ‘अंदाज’ म्हणून लिहिलेले ३१ होते, त्यांतले १२ चुकले. अंदाजात चुका होणार हे गृहीत होते; पक्क्यांमधल्या १९ चुकांनी मात्र विचारात पाडले. त्या एकेक करून तपासल्या तर निम्म्याहून अधिक पहिल्या क्षणी, काही न अडखळता वाचलेल्या होत्या. म्हणून नवीन नियम : नाव, रक्कम, साल आणि व्यवहाराचा प्रकार हे चार शब्द चटकन लागले तर दुसऱ्या दिवशी आधीचे वाचन झाकून पुन्हा वाचायचे. असे करायला प्रत्येक कागदामागे सुमारे पाऊण तास जास्त लागतो.

१९ जानेवारी २०२५

सात क्रमांकाची पाठ वाचून पूर्ण झाली. व्याजाच्या चार नोंदी ११। च्या. पाचवी नोंद वेगळी आहे : मुद्दल ७५, व्याज ११।, एकूण ८६।, आणि पुढे ‘बाकी नाही’ व ‘गहाण सोडिले’. बेरीज बरोबर आहे. मुदतीच्या आत पणजोबांनी सगळे फेडलेले आहे.

आज आप्पांना सांगितले. आधी कागद समोर ठेवला, नंतर शंकावही, आणि कोणता शब्द कशावरून वाचला ते एकेक दाखवत गेले, कारण यावेळी त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा असे मला वाटत नव्हते. मळा विकत घेतलेला नव्हता, तो गहाण पडला होता, हे ऐकून ते गप्प झाले. मग म्हणाले की त्यांची आत्या, म्हणजे पणजोबांची मुलगी, मळ्याची गोष्ट सांगताना ‘दादांनी सोडवून घेतली’ असे म्हणायची. त्यांनी ते दोन-तीनदा स्वतःशी उच्चारून पाहिले. ‘सोडवून घेतली’तले ‘सोडवून’ घरात कधी गळले ते त्यांना आठवत नाही. ‘घेतली’ तेवढे राहिले.

९ फेब्रुवारी

खर्चाची नोंद, विचारणाऱ्यांसाठी. भिंग ३५०, शाई, वह्या आणि पारदर्शक कागद मिळून ३१०, मोठ्या आकाराच्या छापील प्रती ४८०, गुरुजींकडे जाण्यायेण्याचे सुमारे ९००. एकूण २,०४० रुपये. वेळ २१० तास, त्यांपैकी सात क्रमांकाच्या एका कागदावर ९०. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते आणि पुण्यातही असे वर्ग चालतात. वर्गाला जाता येत असेल तर माझे पहिले सहा आठवडे निश्चित वाचतील. अक्षरपट आणि शंकावही मात्र आपल्यालाच करावी लागेल, कारण आपल्या घरच्या कागदाचा हात कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत.

२ मार्च

आठ क्रमांकाचा कागद सुरू केला. हात निराळा आहे, त्यामुळे नवा अक्षरपट. पहिल्या दिवशी ४० शब्द घेतले. ९ पक्के, १४ अंदाज, १७ रिकामे. आप्पा शेजारी बसतात. त्यांना अक्षर लागत नाही, परंतु मी एखादा शब्द उच्चारला की ते “कशावरून?” असे विचारतात, आणि ज्याचे उत्तर देता येत नाही तो शब्द मी दुसऱ्या रकान्यातच ठेवते.

सात क्रमांकाच्या पाठीवर शेवटच्या नोंदीखाली एक सही आहे, तीन किंवा चार अक्षरांची. ती अजून लागलेली नाही. आतापर्यंत दिलेला वेळ : दोन तास दहा मिनिटे.